डावा आर्म

गाडीचे बुश घरच्या घरी बदलायचे, हे जावईबापूंनी रविवारी सकाळी दाढी करता करता ठरवलं. एक गाल गुळगुळीत झाला होता, दुसऱ्यावर अजून फेस होता. त्या फेसासकट ते न्हाणीघरातून धावत बाहेर आले आणि बायकोला म्हणाले, "अगं, मीच बदलतो!"

"काय?"

"बुश!"

बायकोने त्यांच्या फेसाळलेल्या गालाकडे पाहिलं. "ब्रश? वरच्या कप्प्यात नवा आहे."

"ब्रश नाही गं, बुश! गाडीचे!"

ती शाळेत गणित शिकवायची. कमीत कमी पायऱ्यांत उत्तर कसं काढावं हे मुलांना वर्षानुवर्षं शिकवून तिचं घरातलं बोलणंही तसंच झालं होतं. तिने चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "येतात?"

"त्यात न येण्यासारखं काय आहे?" जावईबापू म्हणाले, आणि उरलेला गाल तसाच ठेवून कपाटावरून हत्यारांची पेटी काढायला स्टुलावर चढले. (तो गाल त्या दिवशी शेवटपर्यंत तसाच राहिला. पुढे जे घडलं त्यात त्याच्याकडे लक्ष द्यायला कुणाला सवड मिळाली नाही.)

जावईबापू हे काही त्यांचं नाव नव्हे. पण ज्या गल्लीत बायकोचं माहेर, त्याच गल्लीत त्यांनी घर घेतलं. गल्लीने त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते जावई म्हणून, त्यामुळे पेपरवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळे त्यांना जावईबापूच म्हणत. नोकरी विमा कंपनीत, गाड्यांच्या अपघाताच्या क्लेम विभागात. गाड्यांशी त्यांचा संबंध रोजचा, पण कागदावरचा. "समोरील बंपर पूर्णतः निकामी" हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा लिहिलं होतं की आपण बंपर बसवूही शकू, असं त्यांना हळूहळू वाटायला लागलं होतं.

आणि त्या दिवशीचं निमित्तही तसंच होतं. सासऱ्यांना दुपारी इस्पितळातून घरी आणायचं होतं.

सासरे म्हणजे निवृत्त ऑडिटर. लोक त्यांना अजूनही ऑडिटरसाहेब म्हणत आणि ते अजूनही तसेच वागत. जगात दोनच प्रकारच्या गोष्टी असतात, तपासलेल्या आणि तपासायच्या राहिलेल्या, असं त्यांचं मत. जावई दुसऱ्या प्रकारात होते. एकदा बायकोने हिंमत करून वडिलांना विचारलं होतं, "बाबा, तुम्हाला हे कसे वाटतात?" त्यावर ऑडिटरसाहेब बराच वेळ विचार करून म्हणाले, "यांच्या हातून काही होणार नाही, असं मी म्हणत नाही. पण झालेलं अजून पाहण्यात आलेलं नाही."

तर अशा या ऑडिटरसाहेबांच्या डोळ्याचा पडदा सरकला आणि ऑपरेशन करावं लागलं. ऑपरेशन उत्तम झालं, पण डॉक्टरांनी दोन अटी घातल्या. पहिली, काही दिवस मान खाली ठेवायची. बसताना, चालताना, झोपताना, सदैव खाली. (ज्या माणसाने उभ्या जन्मात कुणापुढे मान खाली घातली नाही, त्याला डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मेहुणी म्हणे खोलीबाहेर जाऊन हसून आली.) दुसरी अट, हादरे बसता कामा नयेत.

आणि इथेच घोडं पेंड खात होतं. जावईबापूंच्या गाडीत हादऱ्यांशिवाय काही बसतच नव्हतं. पुढच्या डाव्या चाकाकडून असा काही खडखडाट यायचा की कुणी जिन्यावरून भांड्यांची मांडणी ढकलून देतंय असं वाटावं. गॅरेजवाल्याने वाकून पाहिलं होतं आणि निदान सांगितलं होतं, लोअर आर्मचे बुश गेलेत. लोअर आर्म म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा लोखंडी हात आणि बुश म्हणजे त्या हाताच्या सांध्यात बसवलेली रबराची उशी. ती झिजली की लोखंडावर लोखंड आपटतं. "बुश आणून ठेवा, पुढच्या आठवड्यात बसवून देतो," असं गॅरेजवाला म्हणाला होता. बुश आणलेले होते. पुढचा आठवडा यायचा होता. सासरे मात्र आजच यायचे होते.

"टॅक्सी," बायको म्हणाली. तिच्या हिशेबात प्रश्न सुटला होता.

"टॅक्सी? दारात गाडी असताना बाबांना टॅक्सीतून आणायचं?" जावईबापूंचा आवाज चढला. "नाही, नाही. आज बाबा माझ्या गाडीतून येणार, आणि पोटातलं पाणी हलणार नाही त्यांच्या! आणि हे बघ, तुझ्या बहिणीला काही सांगू नकोस. बाबांना सरप्राइज."

मेहुणी इस्पितळात वडिलांपाशी होती. तिला काही सांगितलं नाही. पुढचा सगळा घोटाळा त्या एका सरप्राइजमुळे झाला.

अंगणात गाडी जॅकवर चढली, खाली भक्कम ठोकळे गेले, चाक निघालं. चाक इतकं झटपट निघालं की जावईबापू शीळ घालायला लागले. आतून तो लोअर आर्म दिसला. काळा, मातकट, दांडगा. ज्याच्याबद्दल इतकी वर्षं नुसतं लिहिलं, त्याला समोरासमोर पाहून त्यांना अगदी भरून आलं. पुढे सरकून त्यांनी बोल्टला पाना लावला आणि जोर केला.

बोल्ट ढिम्म.

पुन्हा जोर केला. घशातून असा आवाज निघाला की फाटकापाशी कुणीतरी थांबलं.

"दुखतंय का?"

समोरच्या घरातले दातांचे डॉक्टर होते. रविवारी दवाखाना बंद, त्यामुळे रविवारभर ते गल्लीत येरझाऱ्या घालत. कुणी हसलं की पटकन तोंडात डोकावून घेत.

"बोल्ट हलत नाहीये, डॉक्टर."

"किती दिवसांपासून आहे?"

"गाडी घेतल्यापासून."

डॉक्टर आत आले, गुडघ्यांवर बसले, मान तिरकी करून त्यांनी बोल्टकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज आलं की जावईबापू बघतच राहिले. "अहो, ही तर अक्कलदाढ आहे! तुम्ही नुसते ओढताय. ओढून येत नसते ती. आधी हलवायची. थोडी पुढे, थोडी मागे. तिला वाटलं पाहिजे की तिचं तिलाच जायचंय."

झालं. दोघांनी गंजावरचं तेल सोडलं, थोडा वेळ मुरू दिलं (डॉक्टर म्हणाले, "बधिर होऊ दे"), आणि पान्याचा दांडा लांब करायला काहीतरी हवं म्हणून जावईबापू घरात जाऊन बैठकीच्या खिडकीवरचा पडद्याचा दांडा घेऊन आले. तो पहिल्याच झटक्याला काकडीसारखा वाकला. मग कपडे वाळत घालायच्या स्टँडचा पाइप आला. तो जरा जाड होता. एका बाजूने जावईबापू, दुसऱ्या बाजूने डॉक्टर, थोडं पुढे, थोडं मागे, थोडं पुढे...

"कटाक!"

बोल्ट सुटला. डॉक्टर कुंड्यांमध्ये जाऊन बसले आणि बसल्या बसल्याच ओरडले, "हलली! हलली! कापूस आणा!"

आवाज ऐकून बायको दारात आली. तिने कुंड्यांतल्या डॉक्टरांकडे पाहिलं, मग मागे वळून उघड्या खिडकीकडे पाहिलं.

"पडदा?"

"तात्पुरता!" जावईबापू गाडीखालून म्हणाले.

त्यानंतर दोघांच्या अंगात वारं संचारलं. दुसरा बोल्ट, टोकाचा बॉल जॉइंट, सगळं भराभर सुटत गेलं आणि शेवटी तो अख्खा आर्म बाहेर आला. जावईबापूंनी तो दोन्ही हातांनी डोक्यावर धरून अंगणात एक फेरी मारली. डॉक्टर टाळ्या वाजवत मागे.

जुने बुश मात्र आर्मच्या भोकात घट्ट रुतून बसले होते. डॉक्टर धावत घरी गेले आणि डोक्याला दिवा, तोंडाला मास्क, हातात मोजे आणि एक बारीक करवत घेऊन परतले. आर्म ओट्यावर ठेवला होता. त्यावर वाकून ते सवयीने म्हणाले, "आऽ करा."

"चूळ भरायला सांगू नका फक्त," बायको म्हणाली आणि आत गेली.

डॉक्टरांनी बुशची लोखंडी टोपी आतून कापली. हात काय चालत होता माणसाचा! जावईबापूंनी वरून हातोडीने ठोकलं आणि फाटक्या रबरासकट बुश बाहेर पडले. डॉक्टरांनी ते उजेडात धरून मुळापर्यंत तपासले. "पूर्ण आलेत. आत काही राहिलेलं नाही."

आता नवे बुश. ते भोकापेक्षा किंचित मोठे असतात, हीच त्यातली ग्यानबाची मेख. गॅरेजवाल्याकडे ते दाबून बसवायचं यंत्र असतं. जावईबापूंकडे एक लांब बोल्ट, नट, थोडे वॉशर आणि उत्साह होता. पण त्यांनी एक शहाणपणा केला होता. बुश सकाळपासून फ्रीजरमध्ये, मटारच्या पिशवीमागे ठेवले होते.

"थंडीने ते आक्रसतील," ते स्वयंपाकघरात जाऊन बायकोला सांगू लागले, "आणि आर्म जर आपण गरम केला..."

"तर भोक मोठं होईल," बायकोने वाक्य संपवलं. तिला हे पटलं होतं. आत्तापर्यंतच्या कामातली ही पहिली गोष्ट होती जिच्यामागे काही सिद्धान्त होता. तिने स्वतः ओव्हन लावला, आच मंद ठेवली, आर्म ओल्या फडक्याने लख्ख पुसून जाळीवर ठेवला आणि दार लावलं. डॉक्टर काचेतून आत बघत उभे राहिले. जावईबापू आनंदाने गाणं म्हणत हत्यारं पुसायला गेले.

आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. मेहुणी होती.

"ताई, भावोजी निघाले का? बाबा विचारतायत."

"नाही. अडकलेत," बायको म्हणाली. "आर्म निघत नव्हता."

"काय निघत नव्हता?"

"आर्म. डावा. आत्ता निघाला. पूर्ण."

"ताई... हात? भावोजींचा?"

यातलं 'भावोजींचा' तेवढं बायकोला ऐकू आलं. इस्पितळाच्या जिन्यात फोन नीट लागत नसे. "हो, त्यांचाच. दुसऱ्या कुणाचा असणार?"

"अगं मग डॉक्टर? डॉक्टरांना बोलावलंस का?"

"आहेत ना. त्यांनीच तर उपटला. करवतीने कापावा लागला थोडा."

"कर..."

"घाबरतेस काय? आता ओव्हनमध्ये आहे."

"ओव्हनमध्ये काय आहे?"

"आर्म. गरम झाला की परत बसवतील. तोवर फ्रीजर उघडायचा नाही एवढंच."

"भावोजी! भावोजी कसे आहेत?"

"मजेत. गाणं म्हणतायत. ठेवू? वास येतोय."

आणि तिने फोन ठेवला. तिच्या मते सगळी माहिती देऊन झाली होती.

पुढचं जावईबापूंना नंतर कळलं, पण आपण आत्ताच पाहून घेऊ. मेहुणीने घाबरत पुन्हा फोन लावला. या वेळी तो दातांच्या डॉक्टरांनी उचलला, खांदा आणि कान यांच्यामध्ये धरून. "आत्ता नाही बोलता येणार!" ते ओरडले. "आम्ही हातोडा घेऊन तयार आहोत, गरम आहे तोवर ठोकायचं आहे!"

मेहुणी वडिलांच्या खोलीत गेली ती हुंदके देतच. ऑडिटरसाहेब पलंगावर पालथे पडून फरशीच्या जोडातल्या चुका शोधत होते.

"बाबा, भावोजींचा हात निघाला हो! डावा! ताईने तो ओव्हनमध्ये ठेवलाय. तिच्या डोक्यावर परिणाम झालाय बहुतेक. आणि भावोजी गाणी म्हणतायत!"

ऑडिटरसाहेब उठून बसले. मान खालीच होती, पण आवाज सभागृह हलवणारा होता. "माझा जावई तिकडे एका हाताने बसलाय आणि मी इथे फरशी मोजत पडू? टॅक्सी बोलाव!"

"अहो आजोबा, डॉक्टरांची सही नाही झाली!" नर्सबाई आडव्या आल्या. "आणि हादरे बसायचे नाहीत!"

"बाजूला व्हा!"

नर्सबाई बाजूला झाल्या नाहीत. त्या टॅक्सीत येऊन बसल्या. "पेशंट माझ्या ताब्यातला आहे," त्या म्हणाल्या, "तो जिथे, तिथे मी." आणि ती टॅक्सी निघाली. हादरे बसू नयेत म्हणून ज्या माणसासाठी हा सगळा खटाटोप चालला होता, तो माणूस गल्लीबोळातल्या खड्ड्याखड्ड्यातून आदळत, मान खाली घालून, "अजून जोरात!" असं ड्रायव्हरला ओरडत घराकडे येत होता.

इकडे ओव्हन उघडला. डॉक्टरांनी वास घेतला. "झालाय."

जाड टॉवेलात गुंडाळलेला तापलेला आर्म दोघांनी दोन टोकांना धरला आणि "वाट द्या! गरम आहे! वाट द्या!" असं ओरडत ते स्वयंपाकघरातून अंगणात धावत सुटले. मागोमाग बायको, मटारच्या पिशवीवर बुश ठेवून. तेवढ्यात फाटक उघडलं.

सगळ्यात आधी मेहुणीने पाहिलं. पांढरा टॉवेल, त्यातून येणारी वाफ, हाताएवढी लांब वस्तू, मास्कवाला माणूस आणि कोपरापर्यंत काळे झालेले भावोजी. तिने किंकाळी फोडली आणि ती नर्सबाईंच्या अंगावर कोसळली.

ऑडिटरसाहेबांना यातलं काहीच दिसत नव्हतं. त्यांना फक्त जमीन दिसत होती आणि जमिनीवर सांडलेलं तांबूस तेल. ते तेलाच्या मागावर तरातरा चालत आले, जावयाच्या चपलांपाशी थांबले आणि त्यांनी अंदाजाने हात पुढे केले.

"जावईबापू! कुठे आहे? डावा कुठे आहे?"

"बाबा? तुम्ही?" जावईबापूंच्या तोंडचं पाणी पळालं. आर्मचं टोक त्यांनी कसंबसं ओट्यावर टेकवलं.

ऑडिटरसाहेबांनी त्यांचा डावा खांदा पकडला. मग दंड. मग कोपर. मग मनगट. मग एकेक बोट तपासलं. करंगळीपर्यंत येऊन ते थांबले, आणि त्यांचा आवाज असा फुटला की घरातल्या कुणी तो तसा कधी ऐकला नव्हता.

"आहे! अहो, आहे की सगळा!"

त्यांनी तो ग्रीसने माखलेला हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि छातीशी नेला. खाली वाकलेल्या त्यांच्या नाकावरून एक थेंब घरंगळला.

"रडायचं नाही!" नर्सबाई ओरडल्या. "डोळ्यात औषध आहे!"

जावईबापूंच्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा क्षण होता. ज्या सासऱ्यांनी इतक्या वर्षांत त्यांच्या खांद्यावर साधी थाप मारली नव्हती, ते त्यांचा हात धरून रडत होते. त्यांना खूप काही बोलायचं होतं. पण ते जे बोलले ते असं:

"बाबा, जरा हात सोडा. बुश गरम होतायत!"

आणि हात सोडवून घेऊन ते ओट्याकडे धावले.

(त्यांना दोष देऊ नका. तापलेलं लोखंड सासऱ्यांच्या सवडीने थांबत नाही.) डॉक्टरांनी बुश भोकावर धरला, जावईबापूंनी लांब बोल्ट आरपार घातला, दोन्हीकडून वॉशर लावले आणि नट आवळायला घेतला. बुश तिरका झाला. सरळ केला. पुन्हा आवळला. बुश हलेना.

"कोमट होतोय," बायको आर्मजवळ हात नेऊन म्हणाली.

"साबणाचं पाणी!" डॉक्टर ओरडले. नर्सबाई मेहुणीला शुद्धीवर आणायला पाण्याचं भांडं घेऊन आल्या होत्या. त्यांनी त्यात ओट्यावरचा साबण बुचकळला आणि बुशवर ओतलं. जावईबापूंनी डोळे मिटून शेवटचा जोर लावला.

"टप्प!"

बुश लोण्यात सुरी जावी तसा आत गेला. दुसरा त्याच्या मागोमाग. अंगणात एकच जल्लोष झाला. डॉक्टरांनी जावईबापूंना मिठी मारली, नर्सबाईंनी टाळ्या वाजवल्या, मेहुणी उठून बसली आणि "कुणाचा हात? काय बसवलं?" असं विचारत राहिली. तिला मग बायकोने एका वाक्यात सगळं सांगितलं. मेहुणीने तेवढ्याच एका वाक्यात ताईला जे उत्तर दिलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ऑडिटरसाहेबांनाही कळलं. मान खाली असल्यामुळे ते रागावलेत की काय, ते कुणाला कळेना.

"म्हणजे," ते शेवटी म्हणाले, "हे माझ्यासाठी चाललं होतं?"

"तुम्हाला हादरे बसू नयेत म्हणून, बाबा."

"मी टॅक्सीत छताला आपटलो दोनदा."

नर्सबाईंनी घड्याळ पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मोठे डॉक्टर राउंडला यायची वेळ झाली होती. पेशंट पलंगावर नसेल तर त्यांची नोकरी जाईल. आणि डोळा परत तपासल्याशिवाय ऑडिटरसाहेबांना घरी ठेवणंही शक्य नव्हतं, आपटलेत म्हटल्यावर तर नाहीच. टॅक्सीवाला केव्हाच निघून गेला होता.

"गाडी आहे ना!" जावईबापू म्हणाले.

सगळ्यांनी गाडीकडे पाहिलं. ती तीन पायांवर उभी होती.

"सतरंजी आणा," ऑडिटरसाहेब म्हणाले.

अंगणात, गाडीला लागूनच सतरंजी अंथरली. ऑडिटरसाहेब इस्पितळातल्या डॉक्टरांच्या हुकमाप्रमाणे तिच्यावर पालथे झाले, हनुवटी उशीवर. उघडा डोळा बरोबर गाडीच्या पोटाच्या पातळीवर आला. आणि काम सुरू झालं. काय काम झालं ते! आर्म जागेवर गेला. बॉल जॉइंट बसला. बायको नट-बोल्ट एकेक करून हातात देत होती, मेहुणी पंखा हलवत होती, नर्सबाई बॅटरी धरून होत्या आणि दर थोड्या वेळाने "लवकर हो, लवकर!" म्हणत होत्या. चाक चढलं. जॅक उतरला. गाडी जमिनीवर टेकल्यावर जावईबापू पुन्हा खाली शिरले आणि बुशचे बोल्ट शेवटचे आवळून बाहेर आले.

"चला! बसा सगळे!"

"थांबा," सतरंजीवरून आवाज आला. "हे काय आहे?"

ऑडिटरसाहेबांच्या नाकासमोर, फरशीच्या फटीत, एक वॉशर पडला होता.

"ते आपलंच, बुश दाबायला वापरलेलं," डॉक्टर म्हणाले.

"तुमचे वॉशर त्या ताटलीत आहेत. पातळ आहेत आणि नवे आहेत. हा जाड आहे, याच्या एका अंगाला गंज आहे. म्हणजे हा गाडीतला. गाडी तयार आहे आणि हा बाहेर आहे. मग ही शिल्लक आली कुठून?"

ऑडिटचा तो जुना, थंड सूर ऐकून जावईबापूंच्या अंगावर काटा आला. ते मुकाट्याने परत गाडीखाली गेले. मागच्या बोल्टखाली खरोखरच वॉशर नव्हता. तसेच निघाले असते तर गल्लीच्या तोंडाशी काय झालं असतं, ते त्यांनाच कल्पना करवेना. (त्या प्रकारचे क्लेम त्यांच्याच टेबलावर येत.) बोल्ट काढला, वॉशर घातला, पुन्हा आवळला. बाहेर आले तेव्हा ते घामाने निथळत होते.

"आता ताळा जुळला," ऑडिटरसाहेब म्हणाले आणि हात पुढे केला. "उठवा मला."

गाडी निघाली. पुढे जावईबापू आणि बायको. मागे मधोमध ऑडिटरसाहेब, मांडीवर उशी, उशीत तोंड, एका बाजूला नर्सबाई, दुसरीकडे मेहुणी. दातांचे डॉक्टर गाडीत मावले नाहीत, म्हणून वाकून, डाव्या चाकाकडे कान लावून शेजारून पळत होते. गल्लीच्या तोंडाशी तो स्पीडब्रेकर होता, ज्याच्यावरून गाडी गेली की आसपासची कुत्री भुंकायची. सगळ्यांनी श्वास रोखले. मेहुणीने वडिलांचं डोकं धरलं. पुढचं चाक चढलं... आणि उतरलं.

काही नाही.

दुधावरची साय बोटाने सरकवावी तसं ते चाक पलीकडे गेलं. आवाज नाही, खडखडाट नाही, हादरा नाही. कुत्र्यांनी नुसती मान वर करून पाहिलं.

"स्वच्छ!" बाहेरून डॉक्टर ओरडले. "एकदम निरोगी!"

जावईबापू आनंदाने वेडे व्हायचेच बाकी होते. "बघितलंत? बघितलंत बाबा? याचं रहस्य काय आहे माहितीये का, तो पहिला बोल्ट..." आणि त्यांनी सुरुवातीपासून सांगायला घेतलं. बोल्ट कसा अडला, पडद्याचा दांडा कसा वाकला, पाइप का जाड हवा, बुशचे प्रकार किती, रबराचा स्वभाव कसा, थंडीचं महत्त्व काय. इस्पितळ येईपर्यंत ते ओव्हनपर्यंत पोचले होते.

नर्सबाई मोठ्या डॉक्टरांच्या आधी खोलीत पोचल्या, पेशंट पलंगावर पालथा झाला आणि चादर सरळ होते न होते तोच राउंड आला. डॉक्टरांनी डोळा बारकाईने तपासला. जावईबापू दाराशी उभे होते, ग्रीसने काळे झालेले, एका गालाची दाढी वाढलेले, हात जोडून.

"पडदा छान बसलाय जागेवर," डॉक्टर म्हणाले. "कमाल आहे. मी सांगितलेलं तुम्ही अगदी तंतोतंत पाळलेलं दिसतंय. जा घरी."

जावईबापूंनी तिथल्या तिथे नर्सबाईंच्या गळ्यात पडायचंच काय ते बाकी ठेवलं.

परतीच्या वाटेवर गाडी पुन्हा तशीच, पाण्यावरून सरकल्यासारखी. बाहेर ऊन कललं होतं. जावईबापूंचं सांगणं चालूच होतं. मघाशी राहिलेला भाग संपवून, दोन-चार गोष्टी नीट सांगितल्या नव्हत्या असं वाटून, त्यांनी ते पुन्हा पहिल्या बोल्टपासून सुरू केलं होतं. मेहुणी खिडकीबाहेर बघत होती. बायको डोळे मिटून होती.

"जावईबापू," मागून उशीतून आवाज आला.

"बोला बाबा!"

"ते जुने बुश टाकून दिलेत का?"

जावईबापूंचा ऊर भरून आला. सासऱ्यांना ते जपून ठेवायचे असणार. आठवण म्हणून. कदाचित दिवाणखान्याच्या कपाटात. "नाही, नाही, बाबा! आहेत ना! ओट्यावरच आहेत. का हो?"

"मग घरी गेल्यावर परत बसवून टाका," ऑडिटरसाहेब म्हणाले. "त्या खडखडाटात तुमचं बोलणं ऐकू येत नव्हतं."

"त्यांनी ते कापलेत, बाबा," बायको डोळे न उघडता म्हणाली. आणि त्या दिवशी पहिल्यांदाच तिच्या आवाजात खरंखुरं दुःख होतं.